पोपची सत्ता : तिसरा इनोसंट आणि त्याचा काळ

मध्ययुगीन युरोपातला पोप एकाच वेळी तीन पदे सांभाळत असे. तो रोम शहराचा बिशप होता, पश्चिमेकडच्या लॅटिन ख्रिस्ती जगाचा सर्वोच्च धर्मगुरू होता आणि मध्य इटलीतल्या एका राज्याचा राजाही होता. यांतले पहिले पद सर्वांत जुने, दुसरे सर्वांत मोठे आणि तिसरे सर्वांत डोकेदुखीचे. राजा म्हणून त्याच्या पदरी असलेली फौज फ्रान्सच्या किंवा जर्मनीच्या राजापुढे नगण्य होती. धर्मगुरू म्हणून त्याने धाडलेल्या हुकमाने मात्र इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या घंटा वर्षानुवर्षे मुक्या राहू शकत. फौजफाटा नसलेल्या माणसाला हे कशाच्या बळावर साधत होते, आणि कुठे साधत नव्हते, हा या विषयाचा गाभा आहे.

त्याचा शोध घेण्यासाठी तिसऱ्या इनोसंटची कारकीर्द सर्वांत सोयीची ठरते. ८ जानेवारी ११९८ रोजी वृद्ध पोप तिसरा सेलेस्टीन वारला आणि त्याच दिवशी कार्डिनलांनी लोथारिओ या सदतिशीच्या आसपासच्या सहकाऱ्याची निवड केली. रोमच्या दक्षिणेकडच्या सरदार घराण्यातला हा तरुण पॅरिस आणि बोलोन्या येथे शिकलेला होता. निवड झाली तेव्हा तो केवळ डीकन होता. धर्मगुरुपदाची दीक्षा त्याला फेब्रुवारीत देण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी तो बिशप म्हणून अभिषिक्त झाला. पुढची अठरा वर्षे त्याने युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक राजघराण्याच्या कारभारात हात घातला. त्याच्या पत्रव्यवहाराच्या नोंदवह्यांचा मोठा भाग शिल्लक असल्यामुळे त्याची सत्ता रोजच्या कामकाजात कशी चालत होती हेही पाहता येते.

इनोसंटच्या हाती आलेली गादी रिकामी नव्हती. तिच्यामागे सात शतकांची जमवाजमव होती. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियसने सम्राटाला लिहिताना धर्मसत्ता आणि राजसत्ता या दोन वेगळ्या शक्ती मानल्या होत्या आणि पहिलीची जबाबदारी अधिक जड असल्याचे सुचवले होते. आठव्या शतकात फ्रँकांचा राजा पेपिन याने लोम्बार्डांकडून जिंकलेला मुलूख पोपला दिला आणि पोपच्या राज्याचा पाया पडला. ८०० साली नाताळच्या दिवशी तिसऱ्या लिओने शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. सम्राट करण्याचा अधिकार कोणाचा, या पुढच्या कित्येक शतकांच्या भांडणाचे मूळ या एका प्रसंगात आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला बहाल केल्याचे सांगणारी एक सनदही प्रचारात होती. ती बनावट असल्याचे लोरेंझो वाल्लाने १४४० मध्ये सिद्ध केले. तोवर तिचा हवाला बिनदिक्कत दिला जात होता.

खरी कलाटणी अकराव्या शतकात मिळाली. १०५९ मध्ये पोपच्या निवडणुकीची सूत्रे कार्डिनलांकडे देण्यात आली आणि रोमच्या सरदारांचा व सम्राटाचा हस्तक्षेप आटोक्यात आणण्याची सोय झाली. सातव्या ग्रेगरीने बिशपांच्या नेमणुका राजांनी करू नयेत असा आग्रह धरला. १०७५ च्या सुमारास त्याच्या दफ्तरात नोंदवलेल्या २७ कलमांच्या टिपणात पोप सम्राटाला पदच्युत करू शकतो असे स्वच्छ लिहिले आहे. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस क्षमायाचना करत थांबला, हे दृश्य युरोपच्या स्मरणात कायमचे कोरले गेले. गोष्टीचा उत्तरार्ध तितकासा सांगितला जात नाही. हेन्रीने पुढे रोम घेतले आणि ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत मरण पावला. ११२२ मध्ये वर्म्स येथे तडजोड झाली : बिशपला अंगठी आणि दंड ही धर्मचिन्हे चर्चने द्यायची, जमीनजुमल्याचे अधिकार राजाने. बिशप हा धर्मगुरू होता तसा बड्या जहागिरीचा धनीही होता, म्हणून त्याची नेमणूक हा दोन्ही सत्तांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

या वारशाला इनोसंटने तात्त्विक बैठक दिली. पोप हा संत पीटरचा प्रतिनिधी, ही जुनी कल्पना. आपण थेट ख्रिस्ताचे प्रतिनिधी आहोत, यावर इनोसंटचा भर होता. राजसत्तेचे तेज धर्मसत्तेकडून येते हे पटवण्यासाठी त्याने सूर्य आणि चंद्राचा दृष्टान्त योजला. त्याची कायद्याची भाषा मात्र दृष्टान्तांपेक्षा सावध होती. १२०४ मध्ये फ्रान्सच्या बिशपांना लिहिताना त्याने सांगितले, की जहागिरीच्या वादात निवाडा करणे हे आपले काम नाही; पण त्या वादात पाप घडले असेल तर पापाचा विचार करणे हे आपलेच काम आहे. राजांच्या भांडणात शपथभंग, अन्याय किंवा शांततेचा भंग यांपैकी काही ना काही निघतेच. त्यामुळे हा दरवाजा दिसायला अरुंद असला तरी त्यातून बहुतेक सगळे प्रश्न आत येऊ शकत होते.

तत्त्व सांगणे सोपे, ते अमलात आणायला साधने लागतात. पोपचे पहिले साधन म्हणजे संस्कार. बाप्तिस्मा, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, लग्न, मरणाऱ्याचे तैलाभ्यंग हे सारे चर्चमार्फतच होत असे आणि त्यांच्याशिवाय आत्म्याला तारण नाही यावर राजापासून कुळापर्यंत सर्वांचा विश्वास होता. एखाद्या व्यक्तीला या समुदायातून बाहेर काढणे म्हणजे धर्मबहिष्कार. बहिष्कृत राजाशी प्रजेने आणि सरदारांनी व्यवहार ठेवायचा नाही, त्याला दिलेली निष्ठेची शपथही सुटू शकते; म्हणजे बंडाला धार्मिक मान्यता मिळते. दुसरे हत्यार संपूर्ण मुलखावर चालवायचे : धर्मकार्यबंदी, म्हणजेच इंटरडिक्ट. ती लागू झाली की चर्चमध्ये जाहीर मिस्सा होत नसे, घंटा वाजत नसत, मृतांना पवित्र केलेल्या भूमीत पुरता येत नसे. अर्भकांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचे पापनिवेदन एवढ्यांना साधारणपणे मुभा असे. गुन्हा राजाचा आणि शिक्षा रयतेला, असा हा प्रकार होता. रयतेचा असंतोष राजाला वाकवील हा त्यामागचा हिशेब.

दुसरे साधन कायदा. बोलोन्याच्या ग्रेशियनने ११४० च्या सुमारास चर्चचे विखुरलेले नियम एकत्र करून त्यांतल्या विसंगती सोडवल्या आणि धर्मकायदा हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला. लग्न वैध की अवैध, मृत्युपत्र खरे की खोटे, बिशपची निवड नियमानुसार झाली की नाही, अशा खटल्यांची अपिले युरोपच्या कानाकोपऱ्यातून रोमकडे येऊ लागली. पोप तिथल्याच दोन-तीन बिशपांना किंवा मठाधिपतींना न्यायाधीश नेमून चौकशी करायला सांगे. अपील करणारे स्वतःहून येत होते, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. प्रत्येक खटल्याबरोबर पोपचा अधिकार मान्य करणारा आणखी एक पक्षकार तयार होई. १२१० मध्ये इनोसंटने आपल्या निर्णयांचा अधिकृत संग्रह बोलोन्याला पाठवला. वर्गात शिकवायला आणि न्यायालयात वापरायला.

तिसरे साधन दफ्तर. पोपच्या कचेरीतून निघणाऱ्या पत्राला शिशाची मोहोर लटकवलेली असे. मोहोरेच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचे नाव. सवलत किंवा हक्क देणाऱ्या पत्राची मोहोर रेशमी धाग्याने बांधत, तर हुकमाच्या व न्यायाच्या पत्राची तागाच्या दोरीने. अशा पत्राला इतकी किंमत होती की बनावट पत्रांचा धंदा जोरात चाले. इनोसंटने कारकिर्दीच्या आरंभीच रोममधल्या अशा एका टोळीचा छडा लावला आणि खोटे पत्र कसे ओळखावे याच्या सूचना बिशपांना पाठवल्या. खऱ्या पत्राची मोहोर काढून खोट्याला लावलेली असते, धागा कापून पुन्हा जोडलेला असतो, मूळ मजकूर खरवडून त्या जागी दुसरा लिहिलेला असतो. म्हणून मोहोर, धागा, चर्मपत्र आणि भाषेची धाटणी सगळेच तपासा, असा त्यांचा आशय आहे. ज्या सत्तेचे कागद बनावट करण्यात लोकांना फायदा दिसतो, तिचा कागद चालतो हे वेगळे सांगायला नको. पत्राने भागले नाही की पोपचा वकील, म्हणजे लेगेट, जातीने जाई. पैशाची बाजूही याच काळात बांधली गेली. ११९९ मध्ये इनोसंटने धर्मयुद्धासाठी सगळ्या धर्मगुरुवर्गाच्या उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा कर म्हणून मागितला. वसुली रखडली, पण पाडलेला पायंडा टिकला.

ही साधने राजांवर कशी चालली हे तीन प्रकरणांतून दिसते. फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने ११९३ मध्ये डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी लग्न केले आणि दुसऱ्याच दिवशी तिला दूर सारले. आपल्या बिशपांकडून विवाह रद्द करवून घेऊन त्याने अॅग्नेसशी दुसरे लग्न केले. इंगेबोर्गने रोमकडे दाद मागितली. इनोसंटने १२०० च्या जानेवारीत फ्रान्सवर धर्मकार्यबंदी घातली आणि सप्टेंबरपर्यंत राजाने नमते घेतले. नमते घेतले ते तोंडदेखले. अॅग्नेस १२०१ मध्ये वारली तरी इंगेबोर्ग कैदेतच राहिली. तिला राणीचा मान परत मिळाला तो १२१३ मध्ये, राजाच्या डोक्यात इंग्लंडवरच्या स्वारीचे बेत घोळत असताना. अॅग्नेसची मुले पोपने मधल्या काळात औरस ठरवली होती. हे ऐकून मोंपेल्येच्या विल्यमने आपल्याही मुलांसाठी तीच मागणी केली, तेव्हा इनोसंटने नकार दिला. फ्रान्सच्या राजाला ऐहिक बाबतीत कोणी वरिष्ठ नाही, तुझ्यावर मात्र आहे, असे त्याचे कारण होते. राजाला वरिष्ठ नाही हे पोपचे वाक्य पुढे फ्रान्सच्या राजांचे वकील पोपविरुद्धच वापरू लागले.

जर्मनीत सम्राट सहावा हेन्री ११९७ मध्ये वारला आणि स्वाबियाचा फिलिप व ब्रन्सविकचा ओटो अशा दोघांची राजा म्हणून निवड झाली. निवडण्याचा हक्क जर्मन सरदारांचा, पण निवडलेल्याला सम्राटाचा मुकुट आपणच घालणार असल्यामुळे तो लायक आहे की नाही हे पाहणे आपला हक्क, अशी भूमिका इनोसंटने १२०२ मध्ये मांडली. मध्य इटलीतली पोपची राज्ये मान्य करण्याचे वचन घेऊन त्याने ओटोची बाजू उचलली. फिलिपचा १२०८ मध्ये खून झाला, १२०९ मध्ये ओटो रोममध्ये सम्राट झाला आणि वचन विसरून सिसिलीच्या राज्यावर चालून गेला. पोपने त्याला बहिष्कृत केले आणि आपल्याच पालकत्वाखाली वाढलेल्या तरुण फ्रेडरिकला पुढे आणले. निकाल लागला तो २७ जुलै १२१४ रोजी बूव्हीनच्या रणांगणावर, फ्रान्सच्या राजाच्या घोडदळाच्या जोरावर. हाच फ्रेडरिक पुढे पोपच्या गादीचा सर्वांत कडवा वैरी निघाला.

इंग्लंडचे प्रकरण सर्वांत गाजलेले. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या जागेसाठी तिथल्या मठवासीयांनी एक आणि राजा जॉनने दुसरा उमेदवार पुढे केला. इनोसंटने दोघांनाही बाजूला सारून स्टीफन लँग्टनला १२०७ मध्ये अभिषेक केला. जॉनने त्याला देशात पाऊल टाकू दिले नाही. १२०८ च्या मार्चमध्ये धर्मकार्यबंदी आणि १२०९ मध्ये राजावर बहिष्कार आला. जॉन डगमगला नाही. उलट धर्मगुरूंच्या मिळकती जप्त करून त्याने खजिना भरला. तो वाकला १२१३ च्या मे महिन्यात, फ्रेंच स्वारी दाराशी येऊन ठेपली आणि घरचे सरदारही बिथरले तेव्हा. त्याने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण करून ती मांडलिक म्हणून परत घेतली आणि वर्षाला १००० मार्क देण्याचे कबूल केले.

त्यानंतरचा घटनाक्रम पोपच्या सत्तेचे स्वरूप अधिक उघड करतो. शरण आलेला राजा आता पोपचा माणूस झाला. १२१५ च्या जूनमध्ये सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उठवून घेतली आणि ऑगस्टमध्ये इनोसंटने ती रद्दबातल ठरवली. मांडलिकावर जबरदस्ती झाली, असे त्याचे म्हणणे. सरदारांवर बहिष्कार जाहीर करायला टाळाटाळ केली म्हणून निलंबित झाला तो लँग्टन, ज्याच्यासाठी सगळा झगडा झाला होता. जॉन १२१६ मध्ये वारला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचे राज्य टिकवण्यासाठी तीच सनद थोड्या फेरफारांनी पुन्हा जारी करण्यात आली. या वेळी तिच्यावर पोपच्या लेगेटचीच मोहोर होती.

धर्माच्या क्षेत्रात इनोसंटची सत्ता अधिक खोलवर गेली. १२१५ च्या नोव्हेंबरमध्ये रोमच्या लॅटरन प्रासादात भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेला ४०० हून अधिक बिशप, कितीतरी मठाधिपती आणि राजांचे वकील हजर होते. तिथे संमत झालेल्या सुमारे ७० नियमांनी सामान्य ख्रिस्ती माणसाचे वर्ष आखून दिले. प्रत्येक जाणत्या व्यक्तीने वर्षातून निदान एकदा आपल्या गावच्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे ठरले. लग्न आधी जाहीर करावे आणि नात्यातल्या लग्नाची बंदी सातव्या पिढीऐवजी चौथीपर्यंत असावी, हेही ठरले. तापलेले लोखंड किंवा पाणी वापरून गुन्हा ठरवण्याच्या दिव्यात धर्मगुरूंनी भाग घेऊ नये, या नियमाने न्यायाची एक जुनी पद्धत मोडीत निघाली आणि इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांत पंचांचा निवाडा रूढ होण्यास चालना मिळाली. ज्यू आणि मुसलमान यांनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा, हा नियमही याच परिषदेचा. त्याची किंमत ज्यूंनी पुढे शतकानुशतके मोजली.

नव्या धार्मिक चळवळींपुढे दोन वाटा होत्या : सामावून घेणे किंवा चिरडणे. इनोसंटने दोन्ही अवलंबल्या. १२०९ च्या सुमारास असिसीचा फ्रान्सिस आपल्या मोजक्या फाटक्या साथीदारांसह आला, तेव्हा त्याच्या अपरिग्रही जीवनक्रमाला पोपने तोंडी संमती दिली. दक्षिण फ्रान्समधल्या कॅथार पंथीयांच्या वाट्याला दुसरी वाट आली. पाखंड हा राजद्रोहासारखा गुन्हा आहे असे इनोसंटने ११९९ मध्येच जाहीर केले होते. १२०८ मध्ये त्याच्या लेगेटचा खून झाला आणि त्याने ख्रिस्ती मुलखावरच धर्मयुद्ध पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. आरागॉनचा राजा पेद्रो याने १२०४ मध्ये रोमला येऊन पोपच्या हस्ते मुकुट घेतला होता. १२१३ मध्ये म्यूरेच्या लढाईत तो पोपच्याच धर्मयुद्धाच्या सैनिकांकडून मारला गेला.

तलवार दुसऱ्याच्या हाती असली की असेच व्हायचे. चौथ्या धर्मयुद्धात हे आणखी ठळकपणे दिसले. जहाजांसाठी व्हेनिसला ८५,००० मार्क द्यायचे ठरले होते. ते जमले नाहीत, तेव्हा सैनिकांनी कर्जाच्या बदल्यात झारा हे ख्रिस्ती शहर व्हेनिसला जिंकून दिले. इनोसंटने मनाई केली होती, मग बहिष्कार घातला. तरीही मोहीम कॉन्स्टँटिनोपलकडे वळली आणि १२०४ च्या एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याची राजधानी ख्रिस्ती सैनिकांनी लुटली. पूर्व आणि पश्चिम चर्चची मने त्या लुटीने जी तुटली ती तुटलीच. पोपची पकड घराजवळही घट्ट नव्हती. रोममधल्या घराण्यांच्या आणि नगरसभेच्या भांडणांमुळे १२०३ मध्ये इनोसंटला शहर सोडून जावे लागले होते. १६ जुलै १२१६ रोजी तो पेरूजा येथे वारला. त्या वेळी तिथे पोचलेल्या जाक द व्हित्री या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे, की रात्रीतून चोरांनी पोपच्या प्रेतावरची भारी वस्त्रे लांबवली आणि चर्चमध्ये ते जवळजवळ उघडे पडले होते.

पुढच्या शतकात या सत्तेची घडी विस्कटली. आठव्या बॉनिफेसने १३०२ मध्ये इनोसंटपेक्षाही मोठे दावे केले. तारणासाठी प्रत्येक माणसाने पोपच्या अधीन असणे आवश्यक आहे, असे त्याने घोषित केले. वर्षभरातच फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी अनान्यी येथे त्याला त्याच्याच वाड्यात घेरून पकडले. गावकऱ्यांनी सोडवले तरी महिनाभरात तो वारला. दावे तेच होते, बदलले होते राजे. त्यांच्याकडे आता स्वतःचे कायदेपंडित होते, कर होते आणि प्रजेचा पाठिंबा मिळवण्याची साधने होती. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोप आव्हिन्यो येथे राहिले. १३७८ पासून दोन आणि १४०९ पासून तीन पोप एकमेकांना बहिष्कृत करत राहिले. १३६६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने जॉनचा करार अवैध ठरवून खंडणी कायमची नाकारली.

तरी या अधिकारकल्पनेचा शेवट तिथे झाला नाही. नव्याने सापडलेल्या मुलखांवर ख्रिस्ती राजांना हक्क देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे पोप मानत राहिले. १४५५ मध्ये पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला दिलेली सनद आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या सनदा यांवर पोर्तुगिजांची पाद्रोआदो पद्धत उभी राहिली. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये तिच्याच चौकटीत स्थापन झाला आणि तिथल्या बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे राहिला. वर्म्सला मिटवलेला नेमणुकीचा प्रश्न अशा रीतीने वेगळ्या रूपात कोकण किनाऱ्यावरही पोचला.

मध्ययुगीन पोपला सर्वशक्तिमान हुकूमशहा मानणे जितके चूक, तितकेच त्याला केवळ पोकळ धमक्या देणारा म्हातारा समजणेही चूक. धर्मबहिष्काराने राजा क्वचितच एकट्याने पडला. शेजारचा शत्रू, घरचे असंतुष्ट सरदार किंवा दुसरा वारसदार तयार असेल तिथे बहिष्कार परिणामकारक ठरला. नसेल तिथे तो वर्षानुवर्षे नुसता कागदावर राहिला. याउलट लग्न, वारसा, पापनिवेदन आणि न्याय या बाबतींत पोपचा शब्द राजवाड्यापेक्षा सामान्य घरांत जास्त चालला, कारण तिथे लोकांना त्याची गरज होती. म्हणून या काळाचा अभ्यास करणाऱ्याने कानोसासारख्या नाट्यमय प्रसंगांवर थांबू नये. पोपच्या सत्तेचे खरे मोजमाप त्याच्या दफ्तरातल्या अपिलांत, निवाड्यांत आणि नोंदवह्यांत सापडते.